माना कॅम्प : रायपूरच्या वेशीवरचा पूर्व बंगाल

छत्तीसगढचा शेतकरी जमीन चार नावांनी ओळखतो. काळी ती कन्हार, पिवळट ती मटासी, दोघींच्या मधली डोरसा आणि चौथी भाटा. भाटा म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. तिच्यात धान पिकत नाही. कोदो-कुटकी हाती लागली तर लागली, नाहीतर गुरं चरायला सोडायची. रायपूरजवळ, आज जिथे स्वामी विवेकानंद विमानतळ आहे त्या माना गावाच्या शिवारात असा भाटा दूरवर पसरलेला होता. १९६४ साली केंद्र सरकारने या माळावर रांगांनी तंबू ठोकले आणि त्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेली माणसं आणून ठेवली.

रायपूर हे ठिकाण निवडण्यामागे सोयीचा हिशेब होता. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग या शहरावरून जातो, मान्याला धावपट्टी होती, मोकळी सरकारी जमीन होती आणि दक्षिणेला बस्तरच्या जंगलात निर्वासितांना वसवण्याच्या दंडकारण्य प्रकल्पाचं काम सुरू होतं. निर्वासितांच्या खास गाड्या रायपूरला रिकाम्या व्हायच्या. उतरणाऱ्यांपैकी बहुतेक खुलना, बरिसाल, फरिदपूर, जेसोर भागातले शेतकरी आणि मच्छीमार. जवळ भांडीकुंडी, थोडे कपडे, आणि सरहद्दीच्या नाक्यावर मिळालेली बॉर्डर स्लिप. कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, आली कधी, एवढाच मजकूर असलेला तो कागद. हरवला तर रेशन बंद, म्हणून तो जिवापाड जपायचा. पुढे अनेक घरांत हीच चिठ्ठी नागरिकत्वाचा एकमेव पुरावा ठरली.

ही माणसं पाण्याच्या प्रदेशातली. बरिसाल-खुलन्यात घराच्या दारात होडी बांधलेली असते, शेतात दर वर्षी नदीचा गाळ येऊन पडतो, तळ्यातला मासा रोजच्या ताटात असतो. त्यांना मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांकडे जाणाऱ्या पाऱ्याखाली, झाड नसलेल्या माळावर कापडी छपराखाली राहावं लागलं. कुदळ मारली तर मुरूम लागायचा, आणि पाण्यासाठी रांग लावावी लागायची. मुख्य तळाशिवाय माना-भाटा, कुरुद अशा छावण्या वाढत गेल्या. सरकारी भाषेत हा 'ट्रान्झिट कॅम्प' होता, म्हणजे काही आठवडे थांबून पुढे जायचं ठिकाण. कित्येकांची त्यात वर्षं गेली.

ते इथे का आले, या प्रश्नाचं तात्कालिक उत्तर काश्मीरमध्ये सापडतं. २७ डिसेंबर १९६३ रोजी श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला. तो ४ जानेवारी १९६४ ला परत मिळाला. पण तोवर दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या खुलन्यात हिंदूंवर हल्ले सुरू झाले होते. तिथून ते ढाका आणि नारायणगंजच्या गिरणी भागात पसरले. प्रतिक्रिया म्हणून कलकत्त्यात मुसलमानांवर हल्ले झाले, तिथेही माणसं मेली, घरं जळाली. मैमनसिंहच्या डोंगरपायथ्याचे ख्रिस्ती गारोसुद्धा पळून आसामात आले. श्रीनगरमध्ये जे घडलं त्याच्याशी खुलन्याच्या कोळ्याचा किंवा कलकत्त्याच्या विडी कामगाराचा काडीचा संबंध नव्हता.

ठिणगी काश्मीरची असली तरी दारू आधीच भरून ठेवलेली होती. सामूहिक हत्येचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कत्तल एका रात्रीत घडत नाही. आधी एका समाजाला बाहेरचा ठरवलं जातं, मग त्याची जमीन डोळ्यांत भरते, मग त्याच्यावरच्या हल्ल्याची तक्रार ठाण्यात नोंदवली जात नाही. या पायऱ्या चढून झाल्यावर हत्यार उचलणाऱ्याला फार धैर्य लागत नाही. पूर्व बंगालमध्ये या पायऱ्या १९४७ पासून चढल्या जात होत्या. आणि त्यांचा सर्वांत मोठा भार ज्यांनी सोसला त्या नमःशूद्र या दलित समाजाशी महाराष्ट्राचं एक जुनं, आणि आज जवळजवळ विसरलेलं नातं आहे.

१९४६ साली घटना समितीच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून जाण्याचा मार्ग उरला नव्हता. काँग्रेसचं बहुमत त्यांच्या विरोधात होतं. तेव्हा त्यांना निवडून पाठवलं ते बंगालच्या विधानसभेतल्या दलित आमदारांनी, आणि त्यात पुढाकार होता बरिसालचे नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचा. फाळणीने बाबासाहेबांची ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून, बॅ. जयकरांनी रिकाम्या केलेल्या जागेवर, पुन्हा निवडून आले. बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक मंडल यांच्याच हंगामी अध्यक्षतेखाली भरली होती.

मंडल यांचा हिशेब साधा होता. पूर्व बंगालातला मुसलमान शेतकरी आणि नमःशूद्र शेतकरी दोघेही जमीनदाराच्या ओझ्याखाली. दोघांचं हित एक. हा हिशेब तीन वर्षंही टिकला नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बरिसाल आणि इतरत्र हिंदूंची कत्तल झाली. मेघनेवरच्या भैरव पुलाजवळ आगगाडी अडवून प्रवासी मारले गेले. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला आणि अल्पसंख्याकांच्या रक्षणाची हमी कागदावर आली. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडल कलकत्त्याला आले आणि तिथूनच त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खानांना राजीनामा पाठवला. आपल्या लोकांवर गावोगावी काय बेतलं याची सविस्तर नोंद त्या पत्रात आहे. विषय कळावा म्हणून ते पत्र मुळातून वाचायला हवं. ज्या माणसाने पाकिस्तानवर विश्वास टाकला होता, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला तो पुरावा आहे.

पूर्व बंगालातले सवर्ण हिंदू, म्हणजे जमीनदार, वकील, डॉक्टर, शिक्षक, बहुतांशी आधी निघाले. कलकत्त्यात त्यांचे नातेवाईक होते, नोकऱ्या मिळण्याजोगं शिक्षण होतं. शहराच्या कडेला मोकळ्या जमिनी बळकावून त्यांनी वसाहती उभ्या केल्या आणि त्या पुढे अधिकृत करून घेतल्या. नमःशूद्र कुळाकडे तीन-चार बिघे जमीन आणि होडी. ते सोडून कुठे जाणार? म्हणून तो थांबला. थांबला म्हणून प्रत्येक दंगलीत तोच सापडला, आणि अखेरीस आला तेव्हा पश्चिम बंगालने जागा संपल्याचं सांगितलं. १९६४ नंतर आलेल्या 'नव्या निर्वासितांना' सरकारी मदत हवी असेल तर बंगालबाहेर जाण्याची अट होती. नकार दिला तर मदत बंद. अशा रीतीने सर्वांत गरीब, सर्वांत उशिरा निघालेली, सर्वांत खालच्या जातीची माणसं रायपूरच्या भाट्यावर पोहोचली.

मागे राहिलेल्यांच्या गळ्याभोवतीचा फास १९६५ च्या युद्धाने आवळला. पाकिस्तान सरकारने शत्रू-मालमत्तेचा वटहुकूम काढला. भारतात गेलेल्या माणसाची जमीन शत्रूची ठरली. प्रत्यक्षात एक भाऊ सरहद्द ओलांडून गेला की मागे राहिलेल्या भावाच्या वाट्यावरही तलाठ्या-तहसीलदारांची नजर जाऊ लागली. शेजाऱ्याला हाकलून लावलं तर त्याचं शेत मिळू शकतं, हे एकदा कायद्यानेच शिकवलं की द्वेषाला वेगळ्या प्रचाराची गरज उरत नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावरही हा कायदा 'निहित मालमत्ता' या नावाने चालूच राहिला. जमिनी परत करण्याचा कायदा यायला २००१ साल उजाडलं.

मग १९७१.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. अख्ख्या पाकिस्तानच्या संसदेत बहुमत मिळालं. त्याआधी महिनाभर, १२ नोव्हेंबरला, भोला चक्रीवादळात लाखो माणसं मेली होती आणि इस्लामाबादची मदत धिमी होती. तो राग ताजा होता. सत्ता देण्याऐवजी लष्कराने २५ मार्चच्या रात्री 'ऑपरेशन सर्चलाइट' सुरू केलं. ढाका विद्यापीठातलं जगन्नाथ हॉल हे हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह पहिल्याच रात्री लक्ष्य झालं. अवामी लीगचे कार्यकर्ते, विद्यार्थी, प्राध्यापक, बंगाली पोलीस आणि सैनिक हेही लक्ष्य होते, आणि मेलेल्यांत बंगाली मुसलमान मोठ्या संख्येने होते. पण हिंदूंच्या बाबतीत कोण काय करतो हा प्रश्नच विचारला जात नव्हता. हिंदू असणं पुरेसं होतं. त्यांच्या घरादुकानांवर पिवळ्या रंगात 'एच' अक्षर रंगवल्याचं परदेशी वार्ताहरांनी पाहिलं. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्च संपण्याआधीच आपल्या सरकारला कळवलं होतं की निवडून-निवडून वंशसंहार चालू आहे. वॉशिंग्टनला ते ऐकायचं नव्हतं.

जगाला हे ज्याने सांगितलं तो पत्रकार बेळगावात जन्मलेला होता. अँथनी मास्करेन्हस, गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातला, कराचीत वाढलेला. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना परिस्थिती सुरळीत असल्याचं दाखवायला पूर्वेला नेलं. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. कोमिल्ल्यात मास्करेन्हसनी जे पाहिलं आणि अधिकाऱ्यांच्या तोंडून जे ऐकलं, ते पाकिस्तानात छापणं शक्य नव्हतं. त्यांनी लंडन गाठून 'संडे टाइम्स'चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना गोष्ट सांगितली, परत येऊन बायकामुलांना देशाबाहेर काढलं आणि मग स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले. १३ जून १९७१ रोजी लेख आला. मथळा एका शब्दाचा होता : जेनोसाइड. घर, नोकरी, देश, सगळं त्यांनी या एका लेखासाठी सोडलं. त्यांच्या नावाने बेळगावात किंवा गोव्यात एखादी व्याख्यानमाला सुरू व्हायला हरकत नाही.

२० मे १९७१ रोजी खुलना जिल्ह्यातल्या चुकनगर बाजारात हजारो माणसं गोळा झाली होती. खुलना आणि बागेरहाटच्या गावांतून होड्यांनी आलेली, इथून पायी किंवा गाडीने सातखिऱ्यामार्गे भारताच्या सरहद्दीकडे निघालेली. भद्रा नदीच्या काठी चुली पेटवून भात शिजत होता. सकाळी लष्कराच्या गाड्या आल्या आणि गोळीबार सुरू झाला. काही तासांत हजारो माणसं मारली गेली. प्रेतं नदीत ढकलली गेली. जी वाचली ती पुढे चालत राहिली. १९६४ साली मान्याला आलेल्यांची ही गाववाली, सोयरी माणसं होती. सात वर्षांपूर्वी निघायचं की थांबायचं या एका निर्णयाने एकाच कुळाचे दोन भाग दोन नशिबांना गेले होते.

डिसेंबर १९७१ पर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची अधिकृत नोंद ९८,९९,३०५ इतकी होती. त्यांतले ७० लाखांहून अधिक एकट्या पश्चिम बंगालमध्ये. त्रिपुरात स्थानिक लोकसंख्येच्या बरोबरीने निर्वासित झाले. भार हलका करायला केंद्राने काही छावण्या दूर नेल्या आणि पुन्हा मान्याचं नाव पुढे आलं. कलकत्त्याहून रेल्वेने, आणि सोव्हिएत संघाने दिलेल्या अँतोनोव्ह विमानांनीही, माणसं रायपूरला आणली गेली. ज्यांनी आयुष्यात आगगाडीही पाहिली नव्हती अशा म्हाताऱ्या विमानातून मान्याच्या धावपट्टीवर उतरल्या. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या तीन छावण्यांमध्ये २,१९,२९८ निर्वासित नोंदले गेले, आणि त्यांतलं मुख्य ठिकाण माना होतं. रायपूर शहराची त्या वेळची वस्तीच दोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका शहराच्या कुशीत तेवढंच दुसरं शहर, चटया आणि ताडपत्रीचं, काही महिन्यांत उभं राहिलं.

त्या वर्षीचा एक अनुभव महाराष्ट्रातल्या घराघरात पोहोचला होता. १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता' तिकीट लावणं सक्तीचं झालं. नवीन तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या लाल तिकिटावरच शिक्का मारून काम भागवलं गेलं. ही सक्ती मार्च १९७३ पर्यंत चालली. रत्नागिरीच्या आईने मुंबईच्या मुलाला पत्र टाकलं तरी त्यातले पाच पैसे या छावण्यांकडे जात होते. जुन्या ट्रंकांतल्या पत्रांवर ते चिमुकलं तिकीट आजही दिसतं.

छावण्यांमध्ये मृत्यू आला तो मुख्यतः पटकीने आणि अतिसाराने, आणि त्याने प्रथम उचलली ती मुलं. सरहद्दीवरच्या बनगाव इस्पितळात सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं. आज खेड्यातल्या आशाताईच्या पिशवीत असलेल्या जलसंजीवनीच्या पुडीची मोठी परीक्षा त्या निर्वासितांवर झाली. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं २०२३ साली, त्यांच्या निधनानंतर.

१६ डिसेंबरला ढाका पडलं. इंदिरा गांधींची भूमिका सुरुवातीपासून ठाम होती : आलेल्या प्रत्येकाने परत जायचं. १९७२ च्या पहिल्या तीन महिन्यांत अफाट वेगाने परतीच्या गाड्या सुटल्या आणि माना रिकामं होऊ लागलं. पण १९६४ चे लोक तिथेच राहिले. एकाच माळावर, एकाच भाषेत बोलणारी, एकाच जिल्ह्यातली माणसं तारखेच्या रेषेने विभागली गेली. २५ मार्च १९७१ च्या आधी आलेला तो 'नवा निर्वासित', त्याला जमीन मिळण्याची आशा. नंतर आलेला तो पाहुणा, त्याने परत जायचं. परत गेलेल्यांपैकी अनेकांना आपली घरं जळालेली आणि शेतं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली दिसली. काही जण गुपचूप पुन्हा आले. त्यांच्या नातवंडांना आजही कागदपत्रांच्या प्रत्येक तपासणीत छातीत धडकी भरते.

माना कॅम्पात एक वर्ग असा होता की ज्याला कुठेच पाठवता येत नव्हतं : मुलंबाळं असलेल्या विधवा, म्हातारे, अपंग. जमीन द्यायची तर कसणारा पुरुष घरात हवा, आणि तोच मारला गेलेला. पुनर्वसन खात्याच्या दप्तरी त्यांची नोंद 'पर्मनंट लायेबिलिटी', म्हणजे कायमचा बोजा, अशी होत असे. त्यांच्यासाठी 'पी. एल. होम' होतं. नवऱ्याला डोळ्यांदेखत गमावलेल्या बाईला सरकारी कागदावर बोजा म्हणणं ही क्रूरताच होती. लिहिणाऱ्या कारकुनाला ती जाणवली नसेल, पण त्या शब्दाखाली तिने आयुष्य काढलं.

ज्यांच्याकडे कमावते हात होते ते दंडकारण्यात गेले. हे प्राधिकरण सप्टेंबर १९५८ मध्ये स्थापन झालं होतं. तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं बस्तर आणि ओडिशातले कोरापुट-कालाहंडी हे त्याचं क्षेत्र. रामाच्या वनवासाचं हे अरण्य मराठी माणसाला पंचवटीपासून परिचयाचं. बंगाली निर्वासितांनाही त्या नावाचा अर्थ कळत होता. परलकोट, मलकानगिरी, उमरकोट, कोंडागाव इथे जंगल तोडून गावं वसवली गेली. कुटुंबाला साधारण सहा-सात एकर जमीन आणि घरापुरती जागा. गावांना नावं द्यायलाही उसंत नव्हती म्हणून क्रमांक दिले : परलकोटची गावं पीव्ही-१, पीव्ही-२, मलकानगिरीची एमव्ही-१, एमव्ही-२. आजही पखांजूरच्या बाजारात माणूस 'कुठला?' विचारलं की आकडा सांगतो. प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले सैबालकुमार गुप्त यांनी पद सोडल्यावर १९६५ साली 'इकॉनॉमिक वीकली'त या योजनेची परखड चिकित्सा केली. निकृष्ट जमीन, सिंचनाचा अभाव आणि कामातली दिरंगाई त्यांनी आतून पाहिली होती.

आणि ती जमीन मोकळी नव्हती. ती गोंड-माडियांची होती. याच परलकोटचा जमीनदार गेंदसिंह मराठे आणि इंग्रज यांच्या वसुलीविरुद्ध उठला होता. चांद्याहून फौज गेली आणि २० जानेवारी १८२५ ला त्याला फाशी दिलं गेलं. त्या भागाच्या लोकांना न विचारता त्यांच्या जंगलात हजारो अनोळखी कुटुंबं आणून बसवली गेली. एका समाजावर झालेल्या अन्यायाची भरपाई दुसऱ्या गरीब समाजाच्या जमिनीतून करण्याचा हा निर्णय दिल्लीत झाला, आणि त्यातून उपजलेला तणाव मात्र बस्तरच्या खेड्यांनी सोसला.

काही कुटुंबं महाराष्ट्रात आली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, त्यांची गावं वसली. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं ऐकून बाहेरचा माणूस बुचकळ्यात पडतो. भाताचे बांध आणि शेततळ्यांतला मासा पाहिला की उलगडा होतो. तिथली मुलं शाळेत मराठी शिकतात, बाजारात गोंडी-मराठी-हिंदी मिसळून बोलतात आणि घरात बरिसालची बंगाली.

दंडकारण्यात गेलेल्यांच्या मनातून बंगाल गेला नव्हता. 'उद्वास्तु उन्नयनशील समिती' या संघटनेने सतीश मंडल यांच्या नेतृत्वाखाली मागणी धरली की आम्हाला सुंदरबनात वसू द्या. खारी जमीन, नदी, मासे, हे आम्हाला जमतं. पश्चिम बंगालमधले डावे पक्ष विरोधात असताना याच मागणीच्या बाजूने बोलत होते. १९७७ साली ते सत्तेवर आले आणि १९७८ च्या सुरुवातीला माना आणि दंडकारण्यातून लाखावर माणसांनी मिळेल ते विकून बंगालची गाडी पकडली. बहुतेकांना पोलिसांनी वाटेतच अडवून परत पाठवलं. सुमारे तीस हजार लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर पोहोचले. त्यांनी सरकारकडे एक पैसाही न मागता बांध घातले, कूपनलिका खणल्या, शाळा, दवाखाना, बेकरी सुरू केली, होड्या बांधायला घेतल्या. वस्तीला नाव दिलं नेताजीनगर.

सरकारने हे राखीव जंगलावरचं अतिक्रमण ठरवलं. जानेवारी १९७९ च्या अखेरीस जमावबंदी लावून बेटाला पोलिसी बोटींनी वेढा घातला. धान्य, औषध, पिण्याचं पाणी तोडलं. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्याच्या मध्यावर झोपड्या पेटवून सर्वांना उचललं गेलं आणि पुन्हा गाड्यांत भरून दंडकारण्याकडे रवाना केलं. सरकारी कबुली दोन मृत्यूंची होती. वाचलेले आणि अभ्यासक शेकडो, काही तर हजारो सांगतात. न्यायालयीन चौकशी झालीच नाही, त्यामुळे नक्की आकडा आता मिळणं कठीण. पण उपासमार आणि रोगाने मेलेली मुलं ही कोणाही वाचलेल्याच्या आठवणीतून सुटलेली नाहीत. पाकिस्तानच्या लष्कराने हे केलं नव्हतं. स्वतंत्र भारताच्या निवडून आलेल्या, गरिबांच्या नावाने मतं मागणाऱ्या सरकारने केलं. हे लिहिल्याशिवाय मान्याचा इतिहास अर्धा राहतो.

न्यायाचं पुढे काय झालं तेही पाहावं लागेल. वंशसंहार रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार ९ डिसेंबर १९४८ चा. त्यात फक्त ठार मारणंच नाही, तर एखाद्या समाजाचं जगणं अशक्य होईल अशी परिस्थिती जाणूनबुजून लादणंही गुन्हा ठरवलं आहे. पाकिस्तानने तो १९५७ साली मान्य केला होता, भारताने १९५९ साली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायविद आयोगाने १९७२ च्या अहवालात हिंदूंच्या वंशसंहाराचा सकृद्दर्शनी भक्कम पुरावा असल्याचं नमूद केलं. बांगलादेशने १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटला चालवायचं ठरवलं होतं. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि त्या सर्वांना मायदेशी जाऊ दिलं गेलं. स्थानिक साथीदारांवर ढाक्यात खटले उभे राहायला २०१० साल लागलं. ज्यांनी हुकूम दिले त्यांच्यापैकी एकही पाकिस्तानी अधिकारी कुठल्याही न्यायालयासमोर उभा राहिला नाही.

पुढच्या पिढीला मात्र कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशात नमःशूद्र ही अनुसूचित जात आहे. छत्तीसगढ आणि महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. त्यामुळे मलकानगिरीच्या काकाच्या मुलाला मिळणारं जातप्रमाणपत्र पखांजूरच्या किंवा मुलचेऱ्याच्या पुतण्याला मिळत नाही. आजोबा एकच, ज्या जातीमुळे बेघर झाले ती जात एकच. ट्रक कुठे थांबला एवढ्यावर नातवाची शिष्यवृत्ती आणि नोकरी ठरली. ज्या समाजाच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांना घटना समितीत पाठवलं, त्याच समाजाला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात अनुसूचित जातीची सवलत नाही. हा प्रश्न सोडवणं राज्य आणि केंद्र सरकारच्या हातात आहे आणि तो आणखी एक पिढी लांबवण्याचं काही कारण नाही.

माना कॅम्प आज नगर पंचायत आहे. तंबूंच्या जागी पक्की घरं आहेत, दुर्गापूजेचे मंडप पडतात, मतुआ पंथाचे लोक हरिचंद ठाकुरांच्या नावाने ढोल-झांजांच्या गजरात कीर्तन करतात. पलीकडून विमानं उडतात, शेजारी नवा रायपूर उभं राहिलं आहे आणि ज्या भाट्याला कोणी विचारत नव्हतं त्याच्या चौरस फुटाला भाव आला आहे.

१९६४ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरी ओलांडून गेलं आहे. खुलन्याची दंगल, रायपूरची गाडी, मरिचझापीचा वेढा हे सगळं स्वतः पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्या ट्रंकांतल्या बॉर्डर स्लिपा वाळवीच्या तोंडी चालल्या आहेत. रायपूरचं पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ याच १९६४ साली स्थापन झालं. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एक रेकॉर्डर घेऊन माना, पखांजूर आणि मुलचेऱ्याला जावं, या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसावं, ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं आणि त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवावेत. रायपूरच्या आणि विदर्भाच्या मराठी वाचकांपैकी ज्यांची या गावांत ओळख आहे त्यांनी हे काम आपण होऊन हाती घ्यावं, आणि या वर्षीच घ्यावं.